घोडे जिंकले, हॉटेल गेले

सर व्हिक्टर ससून हे नाव आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजारात फारसे कुणाला ठाऊक नाही. पण जुन्या कापडवाल्यांना मुंबईची इंडिया युनायटेड मिल आठवत असेल. तिच्या गिरण्या मूळच्या ससून घराण्याच्या.

बगदादचे यहुदी व्यापारी डेव्हिड ससून 1832 च्या सुमारास मुंबईत आले. अफू, कापूस व सुताच्या तिजारतीत घराणे वाढले. 1867 मध्ये त्यांचे पुत्र एलियास यांनी ई. डी. ससून ही वेगळी पेढी काढली. एलियास यांचे नातू व्हिक्टर यांचा जन्म 1881 चा. 1924 नंतर पेढीची सूत्रे त्यांच्याकडे आली. गिरणीमालकांचे प्रतिनिधी म्हणून ते दिल्लीच्या कायदेमंडळातही बसले.

मुंबईत संप, मंदी आणि जपानी कापडाची स्पर्धा सुरू झाली. व्हिक्टर यांनी आपला सरमाया शांघायला हलवण्याचे ठरवले व 1931 मध्ये तसे जाहीरही केले. तेथे नदीकाठी त्यांचे आलिशान कॅथे हॉटेल 1929 मध्येच सुरू झाले होते. हिरव्या टोकदार छपराच्या त्या इमारतीत सर्वांत वर ते स्वतः राहत. शहरात आणखीही इमारती उभ्या केल्या.

1937 मध्ये हॉटेलजवळ बॉम्ब पडले. 1941 मध्ये जपानने शहराचा ताबा घेतला. 1949 मध्ये कम्युनिस्ट आले आणि पुढे सारी मालमत्ता हातची गेली. कॅथेचे पीस हॉटेल झाले. मुंबईच्या गिरण्या मात्र 1943 मध्ये, युद्धामुळे कापडाला तेजी असताना, विकून झाल्या होत्या. तो पैसा वाचला.

घोड्यांचा त्यांना फार शौक. 'ईव्ह' हे तबेल्याचे नाव त्यांनी आपल्याच नावाच्या आद्याक्षरांवरून घेतले. इंग्लंडची डर्बी त्यांच्या घोड्यांनी चार वेळा जिंकली : 1953, 1957, 1958 व 1960. पहिल्या वेळी पिंझा या घोड्याने राणी एलिझाबेथ यांच्या घोड्याला मागे टाकले. तेव्हा ससून 71 वर्षांचे होते. 1961 मध्ये बहामात त्यांचे निधन झाले.

घोडा पाळणे आपल्याकडे पसंत केले आहे. त्याच्यावर पैसा लावणे हा जुगार, म्हणून हराम. पण ससून यांचे मोठे नुकसान शर्यतीत नव्हे, इमारतीत झाले. कापडाची गाठ तोट्यात का होईना, संध्याकाळपर्यंत विकता येते. इमारत वाईट दिवसांत कोणी घेत नाही आणि पाठीवर टाकून नेताही येत नाही. दुकानाचे खेळते भांडवल काढून रस्त्याकडेच्या प्लॉटमध्ये अडकवणाऱ्या आपल्या भावांनी एवढे ध्यानात ठेवावे. जागा जरूर घ्यावी, पण नफ्यातून. मालाच्या पैशातून नव्हे.