जुने टर्नटेबल टाकावे काय?

घरातील तरुण मंडळी नव्या यंत्राचा आग्रह धरू लागली, म्हणजे वडीलधाऱ्यांनी प्रथम जुन्याची परीक्षा करावी, असे आमचे मत आहे. डायरेक्ट-ड्राइव्ह टर्नटेबलात चकती मोटरीच्या आसावरच बसविलेली असते. मध्ये पट्टा नसल्याने तो सैल होण्याचे भय नाही. जपानी टेक्निक्सचे १९७२ सालचे एसएल-१२०० हे याच जातीचे. चकतीच्या कडेवरील ठिपके यंत्राच्या दिव्यात स्थिर दिसले, की गती शुद्ध समजावी. मग आवाज फाटत असल्यास दोष बहुधा सुईचा असतो. झिजलेली सुई तबकडीच कुरतडते. म्हणून तीच आधी बदलावी.

परंतु आम्हा जयसिंगपूरकरांस मिरज जवळची. तेथील अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (निधन १९३७) लाखेच्या तबकड्या ज्यांच्या संग्रही असतील, त्यांची गोष्ट निराळी. त्या मिनिटास ७८ फेरे घेतात, आणि त्यांची खाचही एलपीच्या सुमारे तिप्पट रुंद असल्याने सुई वेगळी लागते. जुन्या यंत्रात बहुधा ३३⅓ व ४५ या दोनच गती असतात. वडिलार्जित स्वर ऐकावयाचे असतील, तर नवे यंत्र घेणे रास्त. एरव्ही केवळ हौसेपायी जुन्यास निरोप देऊ नये.