अराता इझुमी: पुण्याचा जपानी फुटबॉलपटू

जपानच्या यामागुची प्रांतातल्या शिमोनोसेकी या बंदराच्या शहरात ३१ जुलै १९८२ रोजी अराता इझुमीचा जन्म झाला. आई जपानी, वडील मूळचे गुजराती. त्याचे भारतीय नाव नीलकंठ खंभोळजा. जपानमध्ये जन्मून भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाकडून खेळलेला तो पहिला खेळाडू, आणि त्याची ही वाट पुण्याच्या बालेवाडीतून गेली.

मधल्या फळीत खेळणाऱ्या अराताला जपानच्या जे-लीगची मोठी मैदाने मिळाली नाहीत. सिंगापूरच्या लीगमध्ये जपानमधल्या निगाताच्या अल्बिरेक्स क्लबचा एक संघ खेळत असे. त्या संघातून तो २००६ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे आला. त्यानंतर मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि जपानमध्ये तेव्हा तिसऱ्या स्तरावर खेळणारा मित्सुबिशी मिझुशिमा हा कंपनी संघ, असा त्याचा प्रवास झाला. जगभरातले बहुसंख्य व्यावसायिक फुटबॉलपटू असेच जगतात. करार एक-दोन हंगामांचा असतो. तो संपला की नवे शहर आणि नवा संघ.

२००९ मध्ये तो पुणे एफसीत दाखल झाला. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापन केलेला हा क्लब नुकताच दुसऱ्या श्रेणीतून भारताच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे आय-लीगमध्ये, चढला होता. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात खेळणाऱ्या या संघाने २००९-१० च्या पहिल्याच आय-लीग हंगामात तिसरा क्रमांक मिळवला. २०१२-१३ मध्ये हा संघ चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग उपविजेता ठरला आणि पुढच्या वर्षी आशियाई क्लबांची एएफसी कप स्पर्धा खेळला. या सगळ्या वाटचालीत अराता संघाचा आधार होता. फिरतीवरच्या खेळाडूला पुण्यात घर मिळाले.

याच काळात त्याने मोठा निर्णय घेतला. भारतात दुहेरी नागरिकत्व मिळत नाही आणि राष्ट्रीय संघात खेळायचे तर भारतीय पासपोर्ट लागतो. अराताने जपानी नागरिकत्व सोडले. जपान १९९८ पासून प्रत्येक विश्वचषकाला पात्र ठरत आला आहे. भारत आजवर एकदाही विश्वचषकाच्या मैदानावर उतरलेला नाही. हे पूर्ण ठाऊक असताना त्याने भारत निवडला. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत पॅलेस्टाईनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात त्याने भारताची निळी जर्सी घातली.

त्याचे अनेक क्लब मात्र टिकले नाहीत. मित्सुबिशी मिझुशिमाने २००९ च्या अखेरीस राष्ट्रीय लीग सोडली. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीचा वरिष्ठ संघ २०१५ मध्ये गुंडाळला गेला. त्याच वर्षी इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) लिलावात कोलकात्याच्या ॲटलेटिको संघाने त्याला घेतले. २०१६ मध्ये तो एफसी पुणे सिटीकडून पुण्यात परतला. २०१९ मध्ये तो क्लबही बंद पडला आणि लीगमधली त्या क्लबची जागा हैदराबादला गेली. त्याआधी २०१७-१८ चा हंगाम अराता केरळ ब्लास्टर्सकडून खेळला होता.

एकट्या पुण्याचा हिशेब मांडला तरी भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, पुणे एफसी आणि एफसी पुणे सिटी हे चार व्यावसायिक संघ २०१५ ते २०१९ या अवघ्या काही वर्षांत मैदानाबाहेर गेले. प्रत्येक वेळी खेळाडूंना सामान बांधावे लागले. अशा खेळाडूच्या नावापुढची क्लबांची लांबलचक यादी पाहून त्याला अस्थिर ठरवण्याआधी, त्या यादीतले किती क्लब आज उरले आहेत हे पाहायला हवे.

निवृत्तीनंतर अराताने प्रशिक्षण हाती घेतले. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अकादमीत त्याने भारतीय मुलांना घडवले. ज्या देशासाठी त्याने आपले नागरिकत्व बदलले, त्या देशाची पुढची पिढी तयार करण्याचे काम त्याने केले. पुण्याच्या क्रीडा इतिहासात त्याचे नाव आदराने लिहिले गेले पाहिजे.