ज्याचे त्याचे धनुष्य

सीतास्वयंवराची कथा तुम्ही ऐकली असेलच. जनकराजाच्या सभेत शिवधनुष्य ठेवलेले असते. मोठमोठे राजे मिशांना पीळ देत पुढे येतात, धनुष्याला हात घालतात आणि मान खाली घालून परत फिरतात. अखेर रामचंद्र उठतात आणि ते धनुष्य लीलया उचलतात. प्राचीन ग्रीक कवी होमर याच्या 'ओडिसी' या महाकाव्यातही असाच एक प्रसंग आहे. ओडिसियस राजाच्या धनुष्याला दोरी चढविणे त्याच्या वाड्यात ठाण मांडून बसलेल्या उमरावांना साधत नाही. पण भिकाऱ्याच्या वेषात आलेला खुद्द ओडिसियस ते बसल्या जागी सहज वाकवितो. अशा कथा ऐकून आपल्या मनात एक समजूत घर करते. ती अशी, की धनुष्य जितके जड, तितका धनुर्धर थोर.

काव्यात ही समजूत शोभून दिसते. मैदानावर मात्र ती फार महाग पडते. मला ती कशी महाग पडली, ते पुढे सांगतो. तत्पूर्वी ज्या धनुष्याविषयी आपण बोलणार आहोत, त्याची थोडी ओळख करून घेऊ.

बांबूची कांब वाकवून केलेले साधे धनुष्य तुम्ही पाहिले असेल. त्याचा आकार एकाच कमानीचा असतो. दुसऱ्या एका जातीच्या धनुष्याची दोन्ही टोके बाण सोडणाऱ्यापासून दूर, म्हणजे पुढच्या बाजूस वळलेली असतात. यास रिकर्व्ह धनुष्य म्हणतात. दोरी ओढू लागताच ही वळलेली टोके हळूहळू उलगडतात आणि तरफेसारखे काम करतात. त्यामुळे दोरी शेवटी शेवटी एकदम जड होत नाही, आणि धनुष्य आखूड असूनही बाणाला चांगला वेग मिळतो. मध्य आशियातील घोडेस्वारांना आखूड धनुष्याचीच गरज होती. लांब धनुष्य घोड्यावर आडवे आले असते. ते कारागीर लाकडाच्या पट्टीला आतल्या बाजूने शिंग आणि बाहेरच्या बाजूने जनावरांचे स्नायू सरसाने चिकटवून असे धनुष्य तयार करीत. आपल्या देशातही शिंगाची धनुष्ये होती. विष्णूच्या धनुष्याचे नाव 'शार्ङ्ग' आहे. शृंग म्हणजे शिंग, आणि शार्ङ्ग म्हणजे शिंगाचे! शारंगधर आणि शारंगपाणी ही नावे त्यावरूनच आली.

आता अशी धनुष्ये बहुधा लाकूड आणि फायबरग्लास यांच्या पातळ पट्ट्या एकत्र चिकटवून करतात. 1972 साली म्युनिक येथे धनुर्विद्येला ऑलिंपिक सामन्यांत पुन्हा स्थान मिळाले. तेव्हापासून 2024 पर्यंतचे तेथील सर्व सामने रिकर्व्ह धनुष्यांनीच खेळले गेले. सातारा जिल्ह्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव 2021 साली टोकियो येथे भारताकडून खेळला, तोही याच जातीच्या धनुष्याने. मात्र सामन्यांतील धनुष्याला नेम धरण्याचे साधन आणि तोल सांभाळणारे दांडे जोडलेले असतात. पारंपरिक रिकर्व्ह धनुष्याला यांपैकी काहीच नसते. धनुष्य, दोरी, बाण आणि आपले शरीर, एवढाच काय तो संसार. म्हणूनच ते आपल्या शरीराला जुळणारे असले पाहिजे.

आता माझी चूक सांगतो. मी मुख्याध्यापक असताना शाळेत धनुर्विद्येचा वर्ग सुरू करावयाचे ठरले. पैसे थोडे होते. मी विचार केला, की मुले तर वाढणारच. मग वाढत्या अंगाचा सदरा घेतात तशी वाढत्या अंगाची धनुष्ये का घेऊ नयेत? मी सहा धनुष्ये मागविली. सर्वांवर 35 पौंड असा आकडा होता. पहिल्या दिवशी सातवीतील एक धिप्पाड मुलगा पुढे आला. त्याने दात-ओठ खाऊन, धनुष्य आकाशाकडे उचलून, कंबरेत मागे वाकून दोरी कशीबशी ओढली. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. मीही वाजविल्या. सहावीतील एका सडपातळ मुलीला मात्र दोरी निम्मीही ओढता येईना. "तुझे हे काम नव्हे," असे कोणीतरी म्हणाले, आणि ते मी ऐकून घेतले.

महिन्याभरात त्या मुलाचा खांदा दुखू लागला. त्याचे बाण कधी झाडात, तर कधी मातीत जात. पुढे जिल्ह्याच्या गावाहून एक जाणते शिक्षक आले. त्यांनी आमची धनुष्ये पाहिली आणि काही न बोलता आपल्या गाडीतून एक हलके धनुष्य काढून त्या मुलीच्या हाती दिले. तिने दोरी ओठांच्या कोपऱ्यापर्यंत शांतपणे ओढली. पहिला बाण लक्ष्याच्या कडेला लागला, आणि पुढचे चार त्याच्याच शेजारी वीतभर जागेत लागले! तेच धनुष्य त्या मुलाला देऊ केले, तेव्हा तो म्हणाला, "हे लहान मुलांचे आहे." त्याला मित्रांची लाज वाटली. दुखरा खांदा घेऊन तो घरी गेला, तो पुन्हा वर्गात आलाच नाही. त्याची चूक थोडी होती. माझी मोठी होती. वाढत्या अंगाचा सदरा चालतो, वाढत्या अंगाचे धनुष्य चालत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

मग आपले धनुष्य ओळखावे कसे? त्या शिक्षकांनी आम्हांस जे शिकविले, तेच क्रमाने सांगतो.

प्रथम आपल्या ओढीची लांबी काढावी. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पसरावेत आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मित्राकडून मोजून घ्यावे. या अंतराला अडीचने भागावे. अंतर 150 सेंटिमीटर असेल, तर उत्तर 60 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेतेवीस इंच येते. आपण दोरी साधारण इतकी ओढणार. एवढ्या ओढीला साठ इंचांच्या आसपासचे धनुष्य सोयीचे पडते. फारच आखूड धनुष्य घेतले, तर ओढलेल्या दोरीचा कोन अरुंद होतो आणि तीत बोटे चिमटतात.

दुसरी गोष्ट ओढीच्या भाराची. धनुष्यावर '20 पौंड, 28 इंच' असे काहीसे लिहिलेले असते. हे धनुष्याचे वजन नव्हे. दोरी ठरलेल्या मापाने 28 इंच ओढली असता हातावर 20 पौंडांचा, म्हणजे सुमारे नऊ किलोंचा ताण येतो, असा त्याचा अर्थ. तुमची ओढ साडेतेवीस इंचांची असेल, तर तुमच्या हातावर इतका ताण येणार नाही. अशा हलक्या धनुष्यात दर इंचामागे सुमारे एक पौंड भार कमी होतो. साडेचार इंचांचे साडेचार पौंड वजा केले, की साडेपंधरा पौंड उरतात. उलट, 30 इंच ओढणाऱ्या उंच माणसाच्या हातावर त्याच धनुष्याचा भार 22 पौंडांच्या आसपास येईल. एकच धनुष्य दोघांच्या हाती दोन निराळी धनुष्ये होते! ताणकाटा दोरीला अडकवून ओढला, की हे आपल्या डोळ्यांनी पाहता येते.

तुमच्या वयाच्या मुलांनी हातावर दहा ते पंधरा पौंड भार येईल असेच धनुष्य आरंभी घ्यावे. तरीही आकड्यापेक्षा परीक्षा महत्त्वाची. धनुष्य जमिनीला समांतर रोखून, आकाशाकडे न उचलता दोरी ओठांच्या कोपऱ्याशी आणावी आणि मनात दहा अंक मोजावेत. मग दोरी न सोडता सावकाश परत न्यावी. थोडी विश्रांती घेऊन असे पाच वेळा करावे. हात थरथरला, खांदा कानाकडे चढला किंवा कंबर मागे वाकली, तर ते धनुष्य आपले नव्हे. ज्याची सारी शक्ती दोरी ओढण्यातच संपते, त्याच्याजवळ नेमासाठी काय उरणार? दोरी दर वेळी एकाच जागी आली, तरच बाण एकाच जागी जातो.

तिसरी गोष्ट डोळ्याची. आपल्या दोन डोळ्यांपैकी एक डोळा नेमाला पुढारी असतो. दोन्ही हात पुढे करून तळव्यांच्या मध्ये लहानसे भोक ठेवावे आणि त्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला वस्तू भोकातच दिसत राहते, तो पुढारी डोळा. तो उजवा असेल, तर सामान्यतः डाव्या हाती धनुष्य धरून उजव्या हाताने दोरी ओढावी. अर्जुन दोन्ही हातांनी बाण सोडू शकत असे, म्हणून त्यास सव्यसाची म्हणत. आपण एका हाताने आरंभ करणे बरे.

शेवटी धनुष्य नीट निरखून घ्यावे. एका टोकाकडून पाहिले असता दोरी दोन्ही बाजूंच्या मधोमध दिसली पाहिजे. कोठे तडा किंवा पीळ असेल, तर ते घेऊ नये. आणि एक गोष्ट कधीही विसरू नये. बाण न लावता दोरी ओढून एकदम सोडू नये. बाणाबरोबर जाणारी शक्ती मग धनुष्यातच उरते आणि ते मोडण्याचा, आपणांस इजा होण्याचा संभव असतो. बाण लावून मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली, समोर कोणी नाही हे पाहूनच सोडावा.

पुढे बळ वाढले, की भार दोन दोन पौंडांनी वाढवीत न्यावा. ही रीत आजची नाही. 1549 साली इंग्लंडमध्ये ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने राजा सहावा एडवर्ड याच्यासमोर प्रवचन करताना आपल्या बालपणाची आठवण सांगितली होती. त्याचे वडील शेतकरी होते. ते मुलाचे वय आणि बळ पाहून त्यास धनुष्य घेऊन देत आणि तो वाढे तसे मोठे धनुष्य आणीत. ती धनुष्ये सरळ आणि लांब असत. पण नियम तोच. त्या शेतकऱ्याला जे उमगले होते, ते मला इतकी वर्षे शिकवूनही उमगले नव्हते.

ओडिसियसला त्याचे धनुष्य सहज वाकले, कारण ते त्याचेच होते. आमच्या शाळेने नंतर हलकी धनुष्ये घेतली. ती सडपातळ मुलगी दोन वर्षांत पुढच्या भाराच्या धनुष्याकडे गेली आणि आपले पहिले धनुष्य तिने स्वतः पुसून सहावीतील एका मुलाच्या हाती दिले. त्याने ते कोणाचीही लाज न बाळगता घेतले.