तांबं मेंदूत उतरण्याआधी

वहीतलं अक्षर बिघडत जातं, हात कापतात, बोलणं अडखळतं, तोंडातून लाळ गळते. शाळेतल्या मुलाचं असं झालं की घरचे आधी अभ्यासाचा ताण म्हणतात, मग कुणीतरी ‘बाहेरचं’ म्हणतं. क्वचित यामागे विल्सनचा आजार असतो. पित्तावाटे बाहेर जायला हवं ते तांबं आधी यकृतात आणि मग मेंदूत साठत जातं.

1912 साली किनियर विल्सन यांनी लंडनमध्ये हा आजार सविस्तर मांडला, तेव्हा मेंदूत काय झालंय हे मृत्यूनंतरच कळे. कायझर आणि फ्लायशर यांनी मात्र 1902-03 मध्येच बुबुळाच्या कडेचं तपकिरी-हिरवट कडं टिपलं होतं. ते तांब्याचंच असतं. मेंदूवर परिणाम झालेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात ते आजही सापडतं, आणि ते पाहायला नेत्रतज्ज्ञाचा स्लिट लॅम्प पुरतो. तोंडाने घ्यायचं औषध यायला 1956 उजाडलं. त्या वर्षी जॉन वॉल्श यांनी तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामाइन आणलं.

आपल्याकडे या आजाराचा अभ्यास रुजवला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयाने. तिथल्या दाराब दस्तूर, मंघानी आणि नोशिर वाडिया यांनी 1968 साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात भारतातल्या विल्सनच्या आजारावर लेख लिहिला. त्यात 16 कुटुंबं होती. एकेकट्या रुग्णाऐवजी अख्खं कुटुंब पाहिलं, हे मला त्या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. जनुकातला दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. म्हणून रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक, आणि नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो.

पुढे यंत्रं आली. सीटी स्कॅन आला, मग एमआरआय. मध्यमेंदूच्या एमआरआयमध्ये पांडाच्या तोंडासारखी दिसणारी खूण 1991 साली नोंदली गेली. मेंदू कसा दिसतो यापलीकडे तो काम कसं करतो, हे ‘इव्होक्ड पोटेन्शियल’ सांगतात. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून कानात टिकटिक ऐकवायची, किंवा डोळ्यांपुढे चौकटी हलवायच्या, आणि संदेश मेंदूत पोचायला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचं. हातपाय कापणाऱ्या रुग्णांत हे संदेश बऱ्याचदा उशिरा पोचतात. नुसतं यकृत बिघडलेल्यांतही कधी कधी बारीक फरक आढळतो. उपचारांनंतर काहींच्या या चाचणीतल्या लहरी सुधारल्याही आहेत. हातापायांच्या नसांची तपासणी मात्र बहुधा ठीक निघते, कारण घाव मेंदूच्या आतल्या गाभ्यावर असतो. 2009 साली मुंबईतल्याच अन्नू अगरवाल, मोहित भट्ट, आभा नागरल आणि सहकाऱ्यांनी रुग्णाची एकंदर अवस्था गुणांत मोजणारी मोजपट्टी तयार केली.

या सगळ्या चाचण्या मेंदूचं किती नुकसान झालं ते सांगतात, आणि त्या हव्यातच. पण पेण तालुक्यातल्या गडबहून मुंबई गाठून एकाचं निदान झालं, की जिला काहीच होत नाही अशा त्याच्या धाकट्या बहिणीची तपासणी मला त्याहून तातडीची वाटते. तिच्या डोळ्यांत कडं अजून उमटलेलं नसेल, एमआरआय स्वच्छ असेल. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं आणि या आजाराच्या, 1993 साली सापडलेल्या जनुकाची चाचणी, यांतून तिचा आजार लक्षणांआधी कळतो. तेव्हाच गोळ्या सुरू झाल्या तर तिचा मेंदू शाबूत राहू शकतो.

पेणच्या खाडीपट्ट्यात पथ्यही कठीण. कालवं, चिंबोऱ्या, कलेजी यांत तांबं भरपूर, त्यामुळे ती निदान सुरुवातीला तरी बंद. तांब्याच्या भांड्यातलं पाणीही नको. इथे एक गल्लत टाळायला हवी. पुण्याच्या केईएममधील शीला भावे आणि आनंद पंडित यांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत 1983 साली ‘लॅन्सेट’मध्ये तांबं उतरलेल्या दुधाचा संबंध तान्ह्या मुलांच्या यकृताच्या आजाराशी जोडला, कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात दूध तापवण्याची चाल त्यामागे होती. तो आजार वेगळा. विल्सनचा आजार भांड्यांमुळे होत नाही, त्यामुळे भांडी बदलून तो जातही नाही.

गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. बरं वाटतंय म्हणून त्या सोडल्या तर यकृत अचानक निकामी होऊ शकतं. कधीही आजारी न पडलेल्या त्या बहिणीला हे दरवर्षी नव्याने पटवावं लागतं, तिचं लग्न होऊन ती सासरी गेल्यावरही.