ओढायचं नाही

फ्लॉपी अर्धी बाहेर येऊन अडकली की हात आपोआप ओढायला जातो. पुण्यात बुधवार पेठेतल्या एका माडीवर जुने टेपरेकॉर्डर, व्हीसीआर आणि कॅमेरे उघडून बसणारे एक काका आहेत. माझा हात तसा जाताना त्यांनी पाहिला आणि कॅमेराच स्वतःकडे सरकवून घेतला. "फ्लॉपी पन्नास वेळा अडकू द्या, कॅमेऱ्याला काही होत नाही. एकदा जोरात ओढलीत की संपलं."

कॅमेरा सोनीचा मॅव्हिका, एफडी७३. अमेरिकेतल्या मामेभावानं माळा आवरताना सापडला म्हणून पाठवलेला, सोबत फ्लॉप्यांचा एक डबा. आजच्या मानानं तो अवाढव्य आहे आणि त्याला इलाज नव्हता, कारण साडेतीन इंची फ्लॉपी आत मावायची तर त्यापेक्षा लहान अंग करणार कसं? मॅव्हिका हे नाव सोनीनं १९८१ मध्येच जाहीर केलं होतं. पण तो कॅमेरा डिजिटल नव्हता, दोन इंची चुंबकी तबकडीवर व्हिडिओसारखं चित्र उमटवायचा. नेहमीची फ्लॉपी घेणारे एफडी५ आणि एफडी७ आले १९९७ साली. चित्र ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचं, एका फ्लॉपीत दर्जानुसार पंधरा ते चाळीस फोटो. हसू येतं खरं, पण त्या काळी मेमरी कार्ड महाग होतं, केबल जोडायची तर आधी सॉफ्टवेअर चढवावं लागे, आणि फ्लॉपी ड्राइव्ह मात्र जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरला होता. फोटो काढले की फ्लॉपी उचलून कुणाच्याही हातात द्यायची. ही सोय आजही मला फार हुशारीची वाटते.

गोम अशी की कार्ड नुसतं खोबणीत जाऊन बसतं, फ्लॉपी मात्र आत गेली की यंत्राचा भाग होते. काकांनी झाकण उघडलेल्या एका सुट्या ड्राइव्हमध्ये चांगली फ्लॉपी सावकाश घालून हे दाखवलं. फ्लॉपी सरकते तसा एक छोटा दांडा तिच्या पत्र्याच्या शटरचा कोपरा पकडतो आणि स्प्रिंगविरुद्ध ते बाजूला ढकलतो. मग फ्लॉपीचा तळ खाली बसतो, मधली धातूची चकती मोटरच्या चुंबकाला चिकटते आणि शेवटी वरचं हेड उघड्या खिडकीतून तबकडीवर टेकतं. बाहेर येताना सगळं उलट्या क्रमानं: आधी हेड उचललं गेलं पाहिजे, मग फ्लॉपी वर, मग बाहेर. म्हणजे या साखळीतला एक दुवा, तो पत्रा आणि त्याची स्प्रिंग, कॅमेरा बनवणाऱ्याच्या हातात नव्हताच. तो कुठल्या कारखान्यात, किती स्वस्तात बनला, कुणाच्या खिशात किती दिवस दाबला गेला, याच्यावर कॅमेऱ्याची मदार.

अडकणं बहुतेक वेळा तिथेच होतं. शटरच्या पत्र्याची कड केसभर वर उचललेली असते. आत जाताना ती कुरकुर न करता जाते, परतताना मात्र हेडच्या दांड्यात किंवा तोंडाच्या कडेत अडकते. दुसरं कारण लेबल. वीस-पंचवीस वर्षांत डिंक सुटतो, कागदाचा कोपरा गुंडाळतो आणि फ्लॉपी त्या मापाच्या खाचेत घट्ट बसते. माझ्या फ्लॉपीत दोन्ही होतं.

काकांनी आधी बॅटरी काढली. मग फ्लॉपी बाहेर न घेता उलट आत ढकलली, पुन्हा बाहेर काढायचा खटका सरकवला. कधी कधी एवढ्यानं पत्रा जागेवर येतो म्हणे. आला नाही. मग त्यांनी टेबलाच्या कप्प्यातून जुन्या एक्स-रेच्या फिल्मची कापलेली पट्टी काढली. ती फ्लॉपीच्या वरून, पत्रा आणि हेडच्या मधे, अगदी सपाट सरकवत नेली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, सगळं बोटांना कळत होतं. पट्टी कुठेतरी थबकली. "हं, इथे आहे कड." पट्टीनं कड दाबून धरत दुसऱ्या हातानं फ्लॉपी दोन्ही कोपऱ्यांना सारख्याच जोरानं ओढली, आणि ती आली. आली ती शटरशिवाय.

शटर आत राहिलं म्हणजे कॅमेरा उघडणं आलंच. इथे त्यांचा वेग एकदम मंदावला. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात आणि बॅटरी काढली तरी ते लगेच जात नाहीत. टोकांना रेझिस्टर लावून तो रिकामा केला, मीटरनं तपासला, मगच बोट आत गेलं. स्क्रूही जपानी घाटाचे; साध्या फुलीच्या पेचकसानं त्यांची डोकी घासून जातात, म्हणून त्यांच्याकडे वेगळा संच आहे. रिबनसारख्या केबली सोडवून ड्राइव्ह बाहेर आला. वाकडा पत्रा लगेच सापडला, त्याची तारेची स्प्रिंग मात्र गायब. काकांनी शोधाशोध केली नाही. चिमटा सरळ मोटरच्या चकतीकडे नेला. चुंबक तिथे, तर स्प्रिंगही तिथेच.

वरचं हेड पातळ पानासारख्या स्प्रिंगवर तोललेलं असतं. तबकडीच्या प्रत्येक बाजूला ८० वर्तुळं, दोन वर्तुळांतलं अंतर ०.२ मिलिमीटरहूनही कमी. जोरात ओढल्यानं हेड एवढंसं जरी कलंडलं तरी कॅमेरा फोटो घेतो, स्वतःचे स्वतःला दाखवतोही. दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला मात्र ती फ्लॉपी वाचता येत नाही. हा बिघाड अडकण्यापेक्षा वाईट, कारण तो उशिरा कळतो. माझ्या कॅमेऱ्यातलं हेड बचावलं होतं. त्याच्या सरकण्याच्या दांड्यावरचं ग्रीस मात्र वाळून राळेसारखं झालेलं. ते अल्कोहोलनं पुसून, नवं ग्रीस टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच लावलं. जास्त लावलं की धूळ धरतं.

मग त्यांनी माझा डबा पुढे ओढला. प्रत्येक फ्लॉपीचं शटर अंगठ्यानं उघडायचं, सोडायचं. खट्‌ आवाज करून मिटलं तर ठीक. लेबलाच्या कडेवरून नख फिरवायचं. शेवटी शटर उघडं धरून मधली चकती हळूहळू फिरवत तबकडी उजेडात बघायची. काहींवर पांढुरके ठिपके होते: बुरशी. आपल्या पावसाळ्यात जपून न ठेवलेल्या फ्लॉप्यांना ती हमखास धरते. या बहुधा मामेभावाच्या माळ्यावरच्या ओलीनं बिघडल्या असाव्यात. अशी फ्लॉपी फिरली की घाण हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडते. ज्यांची तबकडी स्वच्छ पण शटर ढिलं, त्यांचं शटर काकांनी सरळ उचकटून टाकलं. त्याच्याशिवाय फ्लॉपी व्यवस्थित चालते, फक्त धुळीपासून पिशवीत जपावी लागते. या फ्लॉप्या वापरण्याआधी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आणि दिवा लुकलुकत असताना खटक्याला हात लावू नका, एवढं बजावून त्यांनी मला त्या दिल्या.

बुरशीवाल्याही मी मागितल्या, आठवण म्हणून. काकांनी त्या टेबलाखालच्या खोक्यात टाकल्या. "घरी नेलीत की कोणीतरी घालून बघणारच," ते म्हणाले आणि बिल लिहायला घेतलं.