गर्भवतीचे मद्यपान, बाळाच्या मेंदूला इजा

सांगितलेले काम क्षणात विसरणारे, साध्या हिशेबात अडखळणारे, सदऱ्याची बटणे लावताना धडपडणारे मूल घरी-शाळेत 'आळशी' किंवा 'हट्टी' ठरते. यातील काही मुलांच्या अडचणींचे मूळ मात्र त्यांच्या जन्माआधीच्या काळात, मातेच्या मद्यपानात असते.

फ्रान्समधील पॉल लमवान यांनी १९६८ मध्ये मद्यपी पालकांच्या १२७ मुलांमधील दोषांची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेत सिएटल येथील डॉ. केनेथ जोन्स व डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी १९७३ मध्ये या लक्षणसमूहाला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिले.

मातेने घेतलेले मद्य वारेतून थेट गर्भाच्या रक्तात जाते. गर्भाचे यकृत अपरिपक्व असल्याने त्याचा निचरा लवकर होत नाही. परिणामी मेंदूच्या काही पेशी मरतात, तर काही योग्य जागी पोहोचत नाहीत. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा पूल, स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस आणि तोल सांभाळणारा लहान मेंदू यांना विशेष झळ बसते. त्यामुळे एकाग्रता, नियोजन, स्मरणशक्ती आणि गणित कच्चे राहते. कित्येकदा बुद्ध्यांक सर्वसाधारण असूनही हे घडते. चालताना तोल जाणे, चेंडू झेलता न येणे, अक्षर वेडेवाकडे येणे हे हालचालींवरील परिणाम होत.

बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, नाक व ओठ यांमधील खळगी सपाट असणे या खुणा थोड्याच मुलांत दिसतात. म्हणून बहुतेकांचे निदान राहून जाते आणि मुलाच्या वाट्याला उपचारांऐवजी शिक्षा येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार, गरोदरपणी मद्य घेणाऱ्या दर ६७ स्त्रियांमागे एकीचे मूल पूर्ण स्वरूपातील सिंड्रोम घेऊन जन्मते. सौम्य स्वरूपाचे दोष याहून अधिक मुलांत आढळतात.

मेंदूची ही हानी भरून निघत नाही. तथापि, सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या व स्थिर, मायेच्या घरात वाढलेल्या मुलांना पुढे कमी अडचणी येतात, असे सिएटल येथील अ‍ॅन स्ट्राइसगुथ यांच्या अभ्यासात दिसून आले. छोट्या सूचना, ठरलेला दिनक्रम आणि हालचालींचा सराव यांचाही लाभ होतो.

गरोदरपणात मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. बिअर आणि वाइनही त्याला अपवाद नाहीत. मेंदूची घडण नऊही महिने चालू असते. त्यामुळे गर्भधारणेची कल्पना नसताना मद्य घेतले गेले असले, तरी ज्या दिवशी ते थांबेल, त्या दिवसापासून बाळाचा लाभच होतो. अशा वेळी मातेला दोष देण्यापेक्षा घरच्यांनी तिला साथ देणे अधिक मोलाचे.