विद्युत् वाहिनी संदेशवहन, घरगुती

घरातील दिवे, पंखे, शीतकपाट इ. उपकरणांना वीज पुरविणाऱ्या तारांमधूनच संगणक, दूरचित्रवाणी संच यांसारख्या साधनांमधील अंकीय माहितीची देवाणघेवाण करण्याच्या पद्धतीस घरगुती विद्युत् वाहिनी संदेशवहन म्हणतात. यासाठी वापरण्यात येणारी प्रयुक्ती ‘पॉवरलाइन अडॅप्टर’ या नावाने विकली जाते. ती भिंतीवरील सॉकेटमध्ये थेट बसते व तिच्या ईथरनेट खाचेत संगणकाची तार जोडता येते. किमान दोन अडॅप्टर लागतात : एक, इंटरनेटची जोडणी घरात जेथे येते तेथील राउटरपाशी आणि दुसरा, जेथे माहिती हवी असेल त्या खोलीत. नवीन तार टाकावी लागत नाही व भिंत फोडावी लागत नाही, हा या पद्धतीचा मुख्य लाभ होय. जाड दगडी भिंतींची घरे किंवा सलोह काँक्रीटच्या अनेक मजली इमारती यांमध्ये वाय-फायचे रेडिओ तरंग भिंतींत शोषले जातात, तेथे हा लाभ विशेष जाणवतो. मात्र या तारा केवळ वीज वाहून नेण्यासाठी घातलेल्या असतात आणि पद्धतीच्या बहुतेक सर्व उणिवा या एका गोष्टीतूनच उद्‌भवतात.

इतिहास : विजेच्या तारांवरून संदेश पाठविण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकी सेनाधिकारी जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनी १९१० च्या सुमारास एकाच तारेवरून निरनिराळ्या कंप्रतांच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्यांच्या) वाहक तरंगांच्या साहाय्याने अनेक संदेश पाठविण्याची पद्धत विकसित केली. १९२० नंतरच्या दशकात विजेच्या तारांवरून घरोघरी संगीत पोहोचविण्याचा प्रयत्नही या पद्धतीने झाला. परंतु पुढे त्या उद्योगाने दूरध्वनीच्या तारांचा आश्रय घेतला. वीज कंपन्यांनी मात्र ही पद्धत सोडली नाही. उच्च दाबाच्या प्रेषण मार्गांवर काही दशसहस्र ते काही लक्ष हर्ट्‌झ कंप्रतेचे वाहक तरंग सोडून दोन उपकेंद्रांमध्ये संभाषण करणे व बिघाडाच्या वेळी संरक्षक यंत्रणेला सूचना देणे ही कामे त्या करू लागल्या. भारतातील अनेक उपकेंद्रांत तारमार्गाच्या टोकाशी टांगलेली किंवा स्तंभावर बसविलेली पिंपाच्या आकाराची वेटोळी दिसतात, ती यासाठीच असतात. ५० हर्ट्‌झची वीज त्यांतून विनासायास जाते, पण वाहक तरंग अडतो व उपकेंद्रातील यंत्रसामग्रीत वाया जात नाही.

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९३६ मध्ये वसतिगृहांच्या तारांवरून नभोवाणी केंद्र चालविले. यूरोपात व न्यूझीलंडमध्ये वीजपुरवठ्यावरच कमी कंप्रतेचे संदेश आरोपित करून पाणी तापविण्याची हजारो उपकरणे एकाच वेळी चालू वा बंद करण्याची प्रथा पडली. घरातील नियंत्रणासाठी स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये एक्स-१० ही पद्धत तयार केली. प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणाऱ्या) विद्युत् दाबाचे मूल्य ज्या क्षणी शून्य होते त्या क्षणालगत १२० किलोहर्ट्‌झचा एक लहानसा स्पंद पाठवावयाचा, असे तिचे तत्त्व होते. दिवा लावणे वा विझविणे यास ती पुरेशी होती, परंतु सेकंदाला काही दशक द्विमान अंकांपलीकडे (बिटांपलीकडे) तिची धाव नव्हती.

इंग्‍लंडमध्ये मँचेस्टर परिसरात १९९७ मध्ये रस्त्यावरील वीज वितरण तारांमधून घरांना इंटरनेट देण्याची योजना मोठ्या गाजावाजाने पुढे आली, पण १९९९ मध्ये ती सोडून देण्यात आली. त्यानंतर अनेक उत्पादकांचे लक्ष रस्त्यावरील तारांकडून घराच्या आतील तारांकडे वळले. २००० साली अनेक कंपन्यांनी मिळून ‘होमप्लग’ ही संघटना स्थापन केली व २००१ मध्ये सेकंदाला १४ मेगॅबिट महत्तम वेगाचे तिचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. २००५ मधील ‘होमप्लग एव्ही’ मानकाने हा वेग २०० मेगॅबिटपर्यंत नेला. आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघाने २००९ पासून ‘जी.एचएन’ या नावाने स्वतंत्र मानकमालिका प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. होमप्लग व जी.एचएन या कुळांतील अडॅप्टर एकमेकांशी बोलू शकत नाहीत, हे खरेदी करताना ध्यानात ठेवणे इष्ट ठरते.

तत्त्व : एकाच तारेतून वीज व माहिती एकमेकींत न मिसळता कशा जातात, याचे उत्तर त्यांच्या कंप्रतांमधील प्रचंड अंतरात आहे. भारतातील घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची व ५० हर्ट्‌झ कंप्रतेची असते. अडॅप्टरचे संदेश सु. २० लक्ष ते ३ कोटी हर्ट्‌झ (२ ते ३० मेगॅहर्ट्‌झ) या पट्ट्यात असतात. अडॅप्टरमध्ये तारांशी जोडलेले एक लहान धारित्र असते. धारित्राचा प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा विरोध कंप्रतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. १० नॅनोफॅराड धारणेचे धारित्र घेतल्यास ५० हर्ट्‌झला त्याचा विरोध सु. ३,१८,००० ओहम भरतो व २३० व्होल्टचा दाब असूनही त्यातून एक सहस्रांश अँपिअरपेक्षा कमी प्रवाह जातो. त्याच धारित्राचा विरोध १० मेगॅहर्ट्‌झला केवळ १.६ ओहम असतो. विजेला जवळजवळ बंद असलेले हे दार संदेशाला अशा प्रकारे सताड उघडे असते. धारित्रापलीकडे लहानसे रोहित्र असते. त्यामुळे वापरणाऱ्याचा संगणक घातक दाबापासून विलग राहतो.

माहिती एकाच वाहक तरंगावर न लादता शेकडो तरंगांवर विभागली जाते. होमप्लग एव्हीमध्ये सु. २४.४ किलोहर्ट्‌झच्या अंतराने मांडलेले १,१५५ वाहक तरंग कल्पिलेले आहेत. प्रत्येक अडॅप्टर आपल्या जोडीदाराकडून कोणता तरंग किती स्पष्टपणे पोहोचला याची माहिती वरचेवर घेतो. स्वच्छ तरंगावर एका वेळी १० बिटांपर्यंत भार टाकतो, गोंगाटात सापडलेल्या तरंगावर एखाद-दुसराच बिट ठेवतो आणि निरुपयोगी तरंग वगळतो. २०१२ मधील ‘एव्ही२’ मानकात पट्टा ८६ मेगॅहर्ट्‌झपर्यंत वाढविण्यात आला, तसेच फेज व न्यूट्रल यांच्या जोडीला भूसंपर्कित तारेचाही उपयोग करून दोन समांतर मार्ग मिळविण्यात आले. अर्थातच जेथे अर्थिंग नावापुरतेच आहे, म्हणजे सॉकेटला तिसरे छिद्र आहे पण त्यामागे तार नाही, तेथे या सुधारणेचा लाभ मिळत नाही.

तारांचे वर्तन : संगणक जालकाच्या खास तारेत वाहकांच्या जोड्या एकमेकींभोवती पीळ देऊन ठेवलेल्या असतात व दोन्ही टोके योग्य संरोधाने (प्रत्यावर्ती प्रवाहास होणाऱ्या एकूण विरोधाने) बंद केलेली असतात. घरातील विजेच्या तारांना हे काहीच लागू नसते. नलिकेतून त्या कशाही ओढलेल्या असतात, त्यांना जागोजागी फाटे फुटतात व बरेचसे फाटे रिकाम्या सॉकेटपाशी संपतात. रिकामे सॉकेट निरुपद्रवी वाटते, पण उच्च कंप्रतेच्या तरंगाच्या दृष्टीने ते तसे नसते. तारेतील तरंगाचा वेग प्रकाशवेगाच्या सु. दोन-तृतीयांश धरल्यास २० मेगॅहर्ट्‌झच्या तरंगाची लांबी सु. १० मी. होते. २.५ मी. लांबीचा, म्हणजे पाव तरंगलांबीचा फाटा टोकाशी मोकळा असेल, तर तेथून परावर्तित झालेला तरंग फाट्याच्या मुळाशी उलट कलेत येऊन पोहोचतो व त्या विशिष्ट कंप्रतेपुरता संदेश जणू तेथे मंडलसंक्षेप झाल्याप्रमाणे नष्ट होतो. निरनिराळ्या लांबीच्या फाट्यांमुळे पट्ट्यात जागोजागी असे खड्डे पडतात. दोन शेजारच्या खोल्यांमध्ये वेग मंद व दूरच्या दोन खोल्यांमध्ये अधिक, असा चमत्कारिक अनुभव येतो त्याचे एक कारण हे होय.

दुसरे कारण गोंगाटाचे. भ्रमणध्वनीचे प्रभारक, एलईडी दिव्यांचे चालक, संगणकांचे शक्तिपुरवठे यांमध्ये प्रवाह अतिजलद खंडित केला जातो. त्याचे अवशेष तारांत उतरतात. पंख्याचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनीय नियंत्रक दर अर्ध्या आवर्तनाला, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, झटका देतो. मिक्सरच्या चलित्रातील ठिणग्यांनी सबंध पट्टा काही काळ गढूळ होतो. अशा नियतकालिक गोंगाटाचा मागोवा घेता यावा म्हणून होमप्लग एव्हीचे कामकाज वीजपुरवठ्याच्या दोन आवर्तनांशी, म्हणजे आपल्याकडे ४० सहस्रांश सेकंदांशी, जुळविलेले असते. काही उपकरणे गोंगाट करीत नाहीत, पण त्यांच्या आत व्यत्यय दाबण्यासाठी बसविलेली धारित्रे संदेशच गिळून टाकतात. विद्युत् दाबातील उसळ्यांपासून संरक्षण देणाऱ्या अनेक विस्तार फळ्यांची हीच गत असते. म्हणून अडॅप्टर नेहमी भिंतीवरील सॉकेटमध्येच बसवावा, फळीवर नव्हे, आणि गोंगाट करणारी उपकरणे मात्र छानकयुक्त फळीवर जोडावीत.

वेष्टनावर छापलेला वेग हा तारेवरील एकूण कच्चा वेग असतो. त्रुटिशोधन, परस्पर सूचना व पुनःप्रेषण यांत त्याचा मोठा भाग खर्च होतो. शिवाय सर्व अडॅप्टर एकाच तारेचे भागीदार असल्याने एक बोलत असता इतरांना थांबावे लागते. ५०० मेगॅबिटचा म्हणून विकल्या गेलेल्या अनेक अडॅप्टरांची ईथरनेट खाच १०० मेगॅबिटचीच होती. ही जाहिरातीची चलाखीच म्हणावी लागेल.

भारतीय घरांतील काही अडचणी वेगळ्या आहेत. त्रिकला पुरवठा असलेल्या मोठ्या घरात दोन अडॅप्टर भिन्न फेजवर आले, तर संदेश केवळ समांतर तारांमधील अल्प धारणेतून पलीकडे झिरपतो व बराच क्षीण होतो. इन्व्हर्टर बसविलेल्या घरात इन्व्हर्टरवरील मंडल व थेट पुरवठ्यावरील मंडल यांच्यातील संदेश दुर्बल होऊ शकतो. वीज गेल्यावर तर थेट पुरवठ्यावरील अडॅप्टर बंदच पडतो व राउटर चालू असूनही दुसऱ्या खोलीत इंटरनेट पोहोचत नाही. परदेशी बनावटीच्या अडॅप्टरांच्या पिना आपल्या सॉकेटशी जुळत नसल्यास परिवर्तक प्लग लावला जातो. अडॅप्टर अहोरात्र चालू राहणारा व मूलतःच काहीसा तापणारा असल्याने अशी ढिली जोडणी टाळणे सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक आहे.

गुप्तता : विजेचा मीटर ही संदेशाची सीमा नव्हे. मीटर व मंडल-खंडक यांमुळे तरंग क्षीण होतो, पण थांबत नाही. सदनिकांच्या इमारतीत तो शेजाऱ्याच्या सॉकेटपर्यंत पोहोचू शकतो. यामुळे संदेश कूटबद्ध करूनच पाठविले जातात. पहिल्या होमप्लग मानकात ५६ बिटांची किल्ली होती, ती आज अपुरी मानली जाते. एव्हीमध्ये १२८ बिटांची प्रगत कूटपद्धती वापरली जाते. तथापि कुलूप कितीही भक्कम असले, तरी कारखान्यातून येणारी किल्ली अनेक संचांना समान असे. एव्ही मानकात मुळातच ठरवून दिलेला परवलीचा शब्द ‘होमप्लगएव्ही’ हाच होता. तो न बदलता वापरणाऱ्या दोन शेजाऱ्यांची जालके एकमेकांस नकळत जोडली जाणे शक्य असते. दोन्ही अडॅप्टरांवरील जोडणीचे बटण ठरावीक कालावधीत दाबले, की नवी यादृच्छिक किल्ली तयार होते. या अर्ध्या मिनिटाच्या कामाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात.

रेडिओ संदेशवहनावरील परिणाम : या पद्धतीविषयीचा सर्वांत गंभीर वाद येथे आहे. २ ते ३० मेगॅहर्ट्‌झ हाच लघुतरंग रेडिओचा पट्टा होय. परदेशी नभोवाणी, जहाजे, विमाने व हौशी रेडिओ केंद्रे यांचे संदेश त्यातूनच दूरवर जातात. फेज व न्यूट्रल या तारांतील प्रवाह सर्वत्र समान व विरुद्ध राहिले असते, तर त्यांची प्रारणे एकमेकांस छेदून गेली असती. परंतु दिव्याचे बटण फक्त फेज तार तोडते, त्यामुळे बटणापर्यंत गेलेल्या व परत आलेल्या तारेला न्यूट्रलची सोबत नसते. समतोल ढळतो आणि घराच्या तारा आकाशकाप्रमाणे काही शक्ती बाहेर टाकतात. तीव्रता अल्प असली, तरी हौशी ग्राहीला सहस्रावधी किमी. वरून आलेला संदेश त्याहूनही अल्प असतो.

हा प्रश्न केवळ छंदाचा नाही. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर अंदमान व निकोबार बेटांशी नेहमीचे दूरसंपर्क तुटले असता तेथे असलेल्या हौशी रेडिओचालकांनी मुख्य भूमीशी संपर्क राखला होता. ज्या पट्ट्यातून असे क्षीण संदेश यावयाचे, तो घरोघरच्या अडॅप्टरांनी भरून जाऊ देणे हितावह नाही, हे हौशी संघटनांचे म्हणणे पुढे मानकांमध्ये बऱ्याच अंशी स्वीकारले गेले. हौशी पट्ट्यांवर येणारे वाहक तरंग कायमचे वगळण्याची तरतूद झाली. अमेरिकेतील मांडणीत १,१५५ पैकी ९१७ तरंगच वापरात राहतात. यूरोपात २०१३ मधील मानकाने याशिवाय परिसरातील नभोवाणीचे तरंग ओळखून तेवढ्यापुरते मौन पाळण्याचे बंधन घातले. लघुतरंग नभोवाणी नियमित ऐकणाऱ्या व्यक्तीस मात्र मानकापूर्वीचा जुना संच शेजारी असल्यास त्याची करकर अजूनही ऐकू येते.

अन्य उपयोग : एकाच घरात अनेक वाय-फाय केंद्रे बसवून परस्परांशी जोडण्याची पद्धत रूढ झाल्यापासून अडॅप्टरांचे महत्त्व काहीसे कमी झाले आहे, जेथे खास तार टाकणे शक्य आहे, तेथे तीच श्रेष्ठ ठरते. या तंत्रविद्येची एक शाखा मात्र अनपेक्षित क्षेत्रात रुजली. ‘होमप्लग ग्रीन पीएचवाय’ या कमी वेगाच्या, पण गोंगाटात टिकून राहणाऱ्या प्रकाराचा उपयोग विद्युत् मोटारगाडी व तिचे जलद प्रभारण केंद्र यांच्या संभाषणासाठी केला जातो. भारतात प्रचलित असलेल्या सीसीएस-२ जोडणीतही हीच पद्धत आहे. घटमालेला किती दाब व किती प्रवाह हवा, हे गाडी केंद्रास त्याद्वारे सांगते. तेथे संदेश मुख्य विद्युत् तारांवरून न जाता जोडणीतील नियंत्रणाच्या स्वतंत्र बारीक तारेवरून जातो.